जुन्या घराचा पासवर्ड

१

मर्ल स्ट्राउड मोटरहोमच्या, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, छपरावर उकिडवा बसला होता आणि खाली नॅडीन शिडी धरून बोलत होती. शिडी धरणं आणि बोलणं ही दोन्ही कामं ती लग्न झाल्यापासून एकाच वेळी करत आली होती.

"पडलास तर इथे दवाखाना कुठे आहे, ते तरी माहीत आहे का तुला?"

"पडत नाही मी."

"गुडघ्याचं ऑपरेशन काय मग हौस म्हणून करून घेतलंस?"

ऑपरेशननंतर त्याचा डावा पाय जरा फरफटायचा, आणि ते कुणी बोलून दाखवलेलं त्याला खपायचं नाही. त्याने अँटेनाचा शेवटचा स्क्रू आवळला, भोवती चिकट रबर थापलं आणि मान वर केली. जानेवारीतलं ॲरिझोनाचं ऊन. वाळूत जिकडे तिकडे मोटरहोम उभी होती आणि सगळ्यांत यांच्यासारखीच उत्तरेतल्या बर्फाला कंटाळून आलेली म्हातारी माणसं.

फरक एवढाच, की बाकीची जोडपी आपसात ठरवून आली होती. मर्लने ओहायोतलं घर परस्पर विकलं आणि कागद झाल्यावर नॅडीनला सांगितलं. ती खूप रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आणि ऑगी?" ऑगी म्हणजे त्यांची मुलगी टेस हिचा सहा वर्षांचा पोरगा. तेव्हा मर्लने छातीठोक सांगितलं होतं, "रोज संध्याकाळी दिसेल. घरच्यासारखं इंटरनेट लावून देतो तुला. शब्द देतो."

आणि शब्दाचे तीनतेरा वाजले होते. गाडीचं सगळं अंग पत्र्याचं, सिग्नल आत शिरायलाच तयार नाही. रोज संध्याकाळी ऑगीचा चेहरा तोंड वासलेल्या अवस्थेत थिजायचा आणि आवाज तुटक तुटक यायचा. "काही नाही, सिग्नलचा घोळ आहे," असं मर्ल म्हणायचा. तो सगळ्यालाच तसं म्हणायचा. अखेर नॅडीनने सांगून टाकलं होतं. टेसच्या गॅरेजवरची खोली रिकामी आहे. पोर अजून एकदा जरी पडद्यावर अडकलं, तरी ती तिकडे जाणार आणि मर्लने खुशाल वाळवंटात भटकावं. नॅडीन उगाच बोलणारी बाई नव्हती, हे मर्लला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून हा सगळा खटाटोप. छपरावर अँटेना, तिची वायर कपाटातल्या राउटरला, राउटरमध्ये दोन कंपन्यांची सिमकार्डं आणि बाहेर वाळूत आभाळाकडे तोंड करून ठेवलेली उपग्रहाची थाळी. एक बंद पडलं तर दुसरं चालेल.

शेजारची बर्निस कॉफीचा मग आणि आपलं केसाळ कुत्रं घेऊन बघायला आली. ती कैक हिवाळे इथेच काढत होती आणि कुणाच्याही कामात नाक खुपसायचा हक्क तिने कमावला होता.

"नाव काय दिलंस रे वायफायला?"

"घरी होतं तेच. पासवर्डसुद्धा तोच," मर्ल खाली उतरत म्हणाला. "म्हणजे एकेक यंत्र नव्याने जोडत बसायला नको. टॅबलेट, स्पीकर, फ्रिजातलं थर्मामीटर, सगळी आपणहून ओळखतात आणि येऊन चिकटतात."

"करतात बरेच जण तसं. मी नाही केलं बाई. दोन नवरे झाले माझे, पण दुसऱ्याला कधी पहिल्याच्या नावाने हाक मारली नाही."

नॅडीन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, तेही दुसऱ्या कुणाच्या तरी बोलण्यावर. मर्लला ते लागलं.

२

त्या संध्याकाळी ऑगी अडकला नाही.

पडद्यावर तो इतका स्वच्छ दिसत होता, की त्याच्या हनुवटीला लागलेला जॅमसुद्धा कळत होता. त्याने आजीला आपला पडलेला दात दाखवला, मग खुर्चीवर चढून उडी मारून दाखवली. नॅडीन टाळ्या पिटत होती. मर्ल शेजारी बसून फुशारत होता. "बघ! म्हटलं नव्हतं?" "हो रे बाबा, म्हटलं होतंस," असं ती म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. घर विकल्यापासून तिने त्याला आपणहून हात लावला नव्हता.

फोन संपला, नॅडीनने अंडी तळायला घेतली, आणि फळीवरचा स्पीकर टिंग करून म्हणाला, "दारात कोणीतरी आहे."

मर्लने गाडीचं दार उघडलं. दारात कोणी नव्हतं. उन्हं कलली होती, बर्निस लांब आपल्या खुर्चीत शब्दकोडं सोडवत होती आणि कुत्रं तिच्या पायाशी झोपलं होतं.

"आपल्या गाडीला घंटाच कुठे आहे?" नॅडीन तव्यापासून न वळता म्हणाली. "तो घरची घंटा वाजली की असा बोलायचा."

मर्लला आठवलं. ओहायोच्या घराला कॅमेरावाली घंटा होती. स्क्रू गंजले होते, म्हणून ती तशीच दारावर सोडून तो आला होता. त्याने लगेच उलगडा करून टाकला. घंटा अजून आपल्या खात्यावर आहे, नव्या मालकाने ती बदलून घेतलेली नाही, त्याच्या दारात कोणी आलं की निरोप आपल्याला येतो. "काही नाही, सिग्नलचा घोळ आहे."

नॅडीनने टॅबलेट उचलला. पडद्यावर त्यांच्या जुन्या घरापुढचा ओटा होता. पांढरा कठडा, तिसऱ्या पायरीला पडलेली चीर, तिच्या लाल जिरेनियमच्या कुंड्या आणि समोर मेपलचं झाड. माणूस कोणीच दिसत नव्हता. तव्यातली अंडी करपली तरी ती बघतच राहिली.

"मर्ल, झाडाला पानं आहेत रे."

"असतील की."

"जानेवारीत? ओहायोतल्या बर्फात?"

मर्लने चष्मा लावून पाहिलं. मेपल भरगच्च हिरवा होता आणि वाऱ्याने हलत होता.

"जुनं चित्रण असेल साठवलेलं, ते दाखवत असेल," तो म्हणाला. त्याला ते पटलं. पटवून घ्यायला फार वेळ लागला नाही.

३

त्यानंतर स्पीकर रोज बोलू लागला. दिवसा कधीही, सकाळी दाढी करताना, दुपारी जेवताना. "दारात कोणीतरी आहे." आणि टॅबलेटवर पाहावं तर ओटा रिकामा.

नॅडीनला त्याचं भय वाटत नव्हतं. मर्लला हेच खटकत होतं. ती टॅबलेट मांडीवर घेऊन तासन् तास ओटा बघत बसायची आणि तिच्या चेहऱ्यावर पूर्वीची तकाकी यायची. "कुंड्यांना पाणी घालतंय कुणीतरी," ती एकदा म्हणाली. "मातीचा रंग बघ. ओली आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "स्वयंपाकघराचा पडदा धुतलाय." एका संध्याकाळी टेसचा फोन वाजत राहिला आणि नॅडीनने घेतलाच नाही. ज्या पोरासाठी एवढा आटापिटा केला, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. शेवटी मर्लच ऑगीशी बोलला. त्याला पोरांशी काय बोलायचं ते कधीच सुधरायचं नाही.

त्याने घंटा आपल्या खात्यातून काढून टाकायचं ठरवलं. यादीत ती सापडेना. नव्या घरमालकाला ती काढायला सांगावं, म्हणून त्याने गाडीमागे, नॅडीनला ऐकू जाणार नाही असं उभं राहून टेसला फोन लावला.

"टेस, आपलं घर घेतलेल्या माणसाचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

पलीकडे ती घुटमळली. "बाबा, मी सांगणार होते तुला. आईला किती लागेल म्हणून गप्प बसले. ते घर नाहीये आता. नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी पाडलं त्यांनी. दुकानांची रांग बांधणार आहेत तिथे."

"सगळं?"

"सगळं. मी जाऊन पाहिलं ना. खड्डा आहे नुसता. आईचा मेपलसुद्धा मुळासकट काढला. बाबा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मर्ल म्हणाला.

आत आल्यावर त्याने मनाशी हिशेब मांडायचा प्रयत्न केला. घर पाडणाऱ्याने घंटा खिशात घातली असेल, ती कुठेतरी चालू असेल, जुनी चित्रणं आळीपाळीने दाखवत असेल. होतं असं. यंत्रांचं काय सांगावं? पण नॅडीन अंघोळीला गेल्यावर त्याने टॅबलेट घेतला आणि ऐकायचं बटण दाबलं.

आधी पानांची सळसळ ऐकू आली. मग दारापलीकडून, घराच्या आतून, जेवणघरातल्या घड्याळाची टकटक. ते घड्याळ त्याने स्वतः मोडीत दिलं होतं. मग लाकडी फरशीवर कोणीतरी चालत दाराकडे आलं. एक पाऊल नीट पडायचं आणि दुसरं फरफटत यायचं. दाराशी येऊन ते थांबलं, आणि पलीकडचा माणूस खाकरला. मर्ल सकाळी उठल्यावर जसा खाकरायचा, अगदी तसा.

मर्लने टॅबलेट पालथा घातला. नॅडीन केस पुसत बाहेर आली आणि तिने त्याला विचारलं, "भूत पाहिल्यासारखा का बसलायस?"

"काही नाही," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडून फुटलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वायफायचं नाव बदललं. पासवर्डही बदलला. दोन मिनिटांचं काम होतं. स्पीकर मुका झाला, टॅबलेट मुका झाला, फ्रिजचं थर्मामीटर बंद पडलं. गाडीत इतकं शांत वाटलं, की मर्लने शीळ घातली.

शीळ पुरी व्हायच्या आत नॅडीन आतून आली.

"काय केलंस?"

"जरा सुधारणा करतोय."

"ओटा गेला माझा. काय केलंस ते सांग."

"ओटा तुझा नाहीये आता, नॅडीन. जोडतो मी सगळं पुन्हा, ऑगी दिसेल संध्याकाळी."

"तुला विचारलं होतं मी?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "घर विकताना विचारलं नाहीस. चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरलास, विचारलं नाहीस. आता एवढीशी खिडकी राहिली होती, तीही न विचारता बंद केलीस. मर्ल, तुला बायको हवी होती का सामान?"

मर्लचं डोकं सणकलं. सांभाळून सांगता आलं असतं. हात धरून, खाली बसवून. पण चिडला की त्याला सांभाळून बोलता यायचंच नाही.

"ते घर नाहीये!" तो ओरडला. "पाडलं त्यांनी! खड्डा आहे तिथे, तुझा मेपलसुद्धा उपटलाय! विचार टेसला!"

नॅडीन हसली, आणि ते हसणं मर्लला झोंबलं.

"आता खोटंही बोलायला लागलास. काल तर मी खिडकीत दिवा पाहिला." ती पलंगाखालून बॅग ओढू लागली. "टेसला नाही विचारत. टेसला सांगते, की मी येतेय."

बॅगेत दोन स्वेटर पडले, औषधांचा डबा पडला. मर्ल बघत उभा राहिला. एकट्याने इथे राहायचं, एकट्याने अंडी तळायची, संध्याकाळी कुणाला काही सांगायचं नाही. तो त्या सगळ्यापुढे हरला. चित्रच आहे ना, असं त्याने मनाला सांगितलं. चित्र कुणाला खातं का? बघू दे तिला.

त्याने जुनं नाव परत घातलं आणि त्याखाली जुना पासवर्ड.

फळीवर टिंग झालं. "दारात कोणीतरी आहे," स्पीकर म्हणाला, आणि नॅडीनने बॅग परत पलंगाखाली सारली.

५

पुढे काही दिवस दोघांचं बरं चाललं. म्हणजे भांडण झालं नाही. नॅडीन शांत होती, गुणगुणायची, त्याला कॉफी करून द्यायची. फक्त बोलताना चुका करायची. "वरच्या मजल्यावरून माझा चष्मा आण," म्हणायची. गाडीला कुठला वरचा मजला? मर्ल शोधायला लागायचा आणि चष्मा शेगडीजवळच्या खणात सापडायचा.

त्या दिवशी दुपारी वाऱ्याने अँटेना खडखडत होती म्हणून तो वर चढला. शिडी धरायला त्याने तिला बोलावलं नाही. तो स्क्रू आवळत असताना खाली दाराचा आवाज झाला.

"मर्ल, जरा जाऊन येते रे."

"कुठे?"

"इथेच."

बर्निसकडे जात असेल, असं समजून त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने पत्र्याखालून, अगदी त्याच्या गुडघ्याखालून, स्पीकर बोलला. ते त्याला सवयीचं झालं होतं. पण या वेळी लगोलग पुन्हा बोलला. "दारात कोणीतरी आहे." आणि पुन्हा. कोणीतरी घंटेवर बोट दाबून धरलं होतं. नॅडीन किल्ली विसरून बाहेर अडकली, की अशीच घंटा दाबून धरायची.

मर्ल अर्धा शिडीवरून उतरला आणि अर्धा घसरला.

"बर्निस! नॅडीन आहे का तिकडे?"

बर्निस आपल्या खुर्चीत बसली होती, यांच्या दारासमोरच. तिने शब्दकोड्यावरून डोळे उचलले. "नाही रे."

"आत्ता बाहेर पडली ना ती!"

"दार उघडलं, आणि बंद झालं," बर्निस म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली. "मी हात हलवायला तोंड वर केलं ना, तर बाहेर कोणी आलंच नाही. तू ठीक आहेस ना, मर्ल?"

दारापुढची वाळू नॅडीन रोज सकाळी दाताळ्याने सारखी करायची. बायकांची सवय म्हणून तो चेष्टा करायचा. आज ती वाळू जशीच्या तशी सारखी होती. पायरीखाली तिच्या चपलेचा एकही ठसा नव्हता.

६

टॅबलेट तिने नीट घडी घातलेल्या टेबलपुसण्यावर ठेवला होता. चालूच होता.

ओट्यावर नॅडीन उभी होती. अंगात निळा स्वेटर, हातात पर्स. चपलांना ॲरिझोनाची तांबडी धूळ होती आणि पांढऱ्या पायऱ्यांवर तिची तांबडी पावलं उमटली होती. तिच्यामागे मेपल सळसळत होता. ती वाकून जिरेनियमचं एक सुकलेलं पान खुडत होती, दार उघडायची वाट बघत, काही घाई नसल्यासारखी.

मर्लची पाचावर धारण बसली. त्याने बोलायचं बटण इतक्या जोरात दाबलं की टॅबलेट खाली पडता पडता राहिला.

"नॅडीन! आत जाऊ नकोस! परत फीर, ते आपलं घर नाही!"

ती दचकली. तिने वर पाहिलं, सरळ त्याच्याकडे.

"मर्ल? कुठून बोलतोयस तू?"

"गाडीतून! ऐक माझं. चुकलो मी. घर विकायला नको होतं, तुला विचारायला हवं होतं. आता विचारतो, प्रत्येक गोष्ट विचारतो. तू फक्त मागे वळ आणि पायऱ्या उतर. उतर गं!"

इतक्या वर्षांत तो तिला असं कधी बोलला नव्हता. नॅडीनचा चेहरा हलला. तिने एक पाय मागे घेतला, खालच्या पायरीकडे.

तेवढ्यात आतून पावलं आली. एक नीट पडणारं, एक फरफटणारं. कडी निघाली आणि दार उघडलं. कॅमेरा दाराच्या चौकटीवर होता, त्यामुळे आतलं माणूस दिसत नव्हतं. फक्त चौकटीला धरलेला एक हात दिसत होता. म्हाताऱ्या माणसाचा हात, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. मर्लने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. ते नख त्याने गेल्याच आठवड्यात अँटेनाखाली चेंगरून घेतलं होतं.

"कोणाशी बोलतेयस गं?" आतल्याने विचारलं.

"अरे, तूच बोलत होतास ना? या घंटेतून," नॅडीन म्हणाली. "परत फीर म्हणत होतास. चुकलो म्हणत होतास."

"मी? चुकलो म्हणालो?" आतला माणूस हसला, आणि नॅडीनही हसली. दोघं एकाच गोष्टीला हसली. "काही नाही, सिग्नलचा घोळ आहे. ये आत. कॉफी गार होतेय."

"नॅडीन!" मर्ल ओरडला. "नॅडीन!"

ती उंबरा ओलांडून आत गेली. तो हात मात्र बाहेर राहिला, आणि मग सावकाश कॅमेऱ्याकडे आला.

"ही कटकट काढूनच टाकतो आता," मर्लचाच आवाज म्हणाला. गंजलेला स्क्रू कुरकुरला, चित्र तिरकं झालं, मेपल आडवा झाला आणि पडदा काळा पडला.

मर्ल बटण दाबत राहिला. कपाटात राउटरचे सगळे दिवे हिरवेगार होते. बाहेर बर्निस दार वाजवत त्याला हाका मारत होती. त्याने दार उघडलं नाही.

मग टॅबलेट आपोआप उजळला. टेसचा नेहमीच्या वेळचा फोन होता. ऑगी तोंड पडद्याला चिकटवून बसला होता, त्याच्या नाकावरचा ओरखडासुद्धा दिसत होता.

"आजोबा, आजी कुठंय? आजीला दाखव!"

मर्लने तोंड उघडलं. आयुष्यभर वापरलेलं वाक्य त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं.

"बाबा, काय झालं? बोल ना," टेस मागून वाकून म्हणाली. "आवाज येत नाहीये का तुला? आम्हाला तर तू अगदी स्वच्छ दिसतोयस."